चिठ्ठीत तुवालू निघाला

सेवा: शिक्षक आणि कार्यकर्त्यांसाठी दोन दिवसांची नक्कल हवामान परिषद, लातूर. शुल्क १,५०० रुपये, त्यात दोन वेळचं जेवण, चहा आणि एक फाइल. माझे गुण: पाचपैकी साडेतीन. आयोजकांचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि माणसं मनानं चांगली होती.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे कोणत्या चष्म्यातून लिहितेय ते कळेल. अंबाजोगाईला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते, बावीस वर्षं झाली. दर वर्षी अलंकार शिकवते. हवामानशास्त्रातलं मला काही कळत नाही. मुख्याध्यापकांनी विज्ञानाच्या मॅडमचं नाव दिलं होतं, त्यांच्या घरी लग्न निघालं आणि मी सकाळच्या एसटीत बसले.

परिषद अशी चालते. आत गेल्यावर एका स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी उचलायची, त्यावर देश. मग दोन दिवस तुम्ही तो देश. प्रत्येक देशाची चार पानी माहिती मिळते, भाषणाला तीन मिनिटं, नंतर गटांत बसून मसुदा लिहायचा. नियम संयुक्त राष्ट्रांच्या खऱ्या हवामान परिषदेचाच ठेवलाय: मतदान नाही, सर्वसंमती हवी. एकानं जरी हात वर करून हरकत घेतली तरी घोडं अडतं. १९९२ च्या रिओच्या हवामान करारानंतर मतदानाचा नियम कधी मंजूरच झाला नाही, म्हणून आजतागायत तिथं असंच चालतं, असं पुण्याहून आलेल्या सरांनी सांगितलं. ही मांडणी फार चांगली आहे, साडेतीनातले दोन गुण हिचेच.

माझ्या चिठ्ठीत तुवालू निघाला. शेजारी उदगीरचे एक निवृत्त कृषी अधिकारी बसले होते, त्यांना भारत. ते लगेच ताठ बसले. मी चार पानं वाचायला घेतली. प्रशांत महासागरातला देश, क्षेत्रफळ २६ चौरस किलोमीटर, वस्ती अकरा हजारांच्या आसपास. नवरात्रात योगेश्वरीला याहून जास्त माणसं रांगेत असतात. सगळ्यांत उंच जागा समुद्रापासून साडेचार मीटरच्या आसपास. आणि तुवालू या नावाचा अर्थ: एकत्र उभे असलेले आठ. बेटं नऊ, पण पूर्वापार वस्तीची आठ. मी मनात मराठवाड्याचे जिल्हे मोजले, संभाजीनगर, जालना, परभणी, हिंगोली, नांदेड, बीड, लातूर, धाराशिव. आठ! तिथून पुढे मी तुवालूच्या बाजूनं पक्षपाती झाले, हे प्रामाणिकपणे सांगते.

पहिलं सत्र रूपकांवर होतं. देश परिषदेत स्वतःला काय म्हणवतात आणि त्यावरून ते कोण ठरतात, असा विषय. सरांना हवामान उत्तम येतं, रूपक जेमतेम. त्यांनी उपमा, उत्प्रेक्षा, रूपक सगळं एकाच पोत्यात भरलं. मला राहवलं नाही. उभी राहून म्हटलं, सर, 'सारखा' आला की उपमा, 'जणू' आला की उत्प्रेक्षा, आणि दोघांत फरकच उरला नाही की रूपक. उपमेतून माघार घेता येते, 'मी फक्त सारखं म्हटलं होतं' असं म्हणता येतं. रूपकातून येत नाही. एकदा टँकरवाडा म्हटलं की म्हटलं.

हॉल हसला, पण ते हसू जरा कडूच होतं. सगळे इकडचेच होते.

ग्लासगोच्या २०२१ च्या परिषदेसाठी तुवालूचे मंत्री सायमन कोफे यांनी भाषण पाठवलं, ती चित्रफीत आम्हाला दाखवली. कोट, टाय, समोर मंच, मागे झेंडे. मग कॅमेरा मागे सरकतो आणि दिसतं की गृहस्थ गुडघाभर समुद्रात उभे आहेत, पॅन्ट वर दुमडलेली. एकेकाळी तिथं जमीन होती. मालदीवनं २००९ मध्ये याच्याही पुढे जाऊन मंत्रिमंडळाची बैठकच पाण्याखाली घेतली होती. मराठीची शिक्षिका म्हणून मला प्रश्न पडला की कोफ्यांच्या बाबतीत अलंकार नेमका कोणता? पाणी खरं, पाय खरे, जमीन गेलेली खरी. पण ते दृश्य जगभर गेल्यावर तुवालू म्हणजे 'बुडणारा देश' झाला, आणि ते मात्र रूपक. त्याच भागातली तरुण मुलं त्याविरुद्ध घोषणा देतात: आम्ही बुडत नाही, आम्ही लढतोय. सरांनी हे एका वाक्यात उरकलं. माझ्या मते दोन दिवसांतलं हे सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य होतं आणि त्याला अर्धा तास द्यायला हवा होता.

कारण हे आम्हाला कळतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, जलदूत. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. स्टेशनवर कॅमेरेच कॅमेरे. पाणी मिळालं, त्याबद्दल कोण कुरकुर करेल? पण माझी भाची तेव्हा पुण्यात वसतिगृहात होती. तिला मुली म्हणायच्या, तू आधी आंघोळ करून घे गं, तुमच्याकडे नसते ना. आणि मुलांची लग्नं ठरवताना 'पाण्याचं कसं आहे तिकडं' हा प्रश्न आजही पहिल्या पाचात असतो. ज्या चित्रामुळे मदत येते, तेच चित्र नंतर आपल्या नावावर चढतं, सात-बाऱ्यावर बोजा चढावा तसं. बोजा उतरवायला कोणी येत नाही.

आता फाइल. इथं गुण गेले.

फाइल मराठीत आहे असं जाहिरातीत लिहिलं होतं. मराठी आहे, पण कोणाची ते कळत नाही. हरितगृह वायू शोषून घेणाऱ्या जंगलांसाठी इंग्रजीत जो 'सिंक' शब्द आहे, त्याचं भाषांतर 'कार्बन बुडणे' केलंय. जंगलात कार्बन बुडतो म्हणे. उत्सर्जन जास्त कमी करायच्या तयारीला 'महत्त्वाकांक्षा', म्हणजे तुवालूची महत्त्वाकांक्षा मोठी आणि सौदी अरेबियाची लहान, जणू दोघं एमपीएससीला बसलेत. हे हसण्यावारी नेता येतं. पण ग्लासगोच्या पानावर जे केलंय ते अक्षम्य आहे. त्या परिषदेच्या शेवटच्या तासांत सगळं भांडण एका क्रियापदावर आलं होतं: कोळसा टप्प्याटप्प्यानं 'बंद करायचा' की 'कमी करत न्यायचा'. भारतानं दुसरा शब्द घालायला लावला, परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांचा व्यासपीठावर गळा दाटून आला. आणि आमच्या फाइलीत आधीचा मसुदा म्हणून 'टप्प्याटप्प्याने बंद' आणि नंतरचा मसुदा म्हणूनही 'टप्प्याटप्प्याने बंद'! मग ते गृहस्थ रडले कशाला? उदगीरचे साहेब पान उलटसुलट करून विचारत होते, "मॅडम, ह्याच्यात बदललं काय?"

आणि मुख्य तत्त्वाचं वाक्य. रिओपासून सगळा डोलारा ज्यावर उभा आहे, ते फाइलीत असं आहे: 'समान परंतु विभेदित जबाबदाऱ्या'. चाळीस माणसांतल्या एकालाही उलगडा होईना. समान असेल तर विभेदित कशी? पैठणकडचे एक काका, पाटबंधारे खात्यात पाटकरी होते, त्यांनी शांतपणे विचारलं, "सर, म्हणजे समन्यायी का?"

तो क्षण म्हणजे दीड हजार रुपये वसूल.

जायकवाडीचं पाणी ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा शब्द शिकवावा लागत नाही. गोदावरी वर नाशिक-नगरकडे अडते, धरणं भरतात, आम्ही खाली वाट बघतो. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यानंतर आणि त्या प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशानंतर हिशोब असा ठरला की १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्यांनी पाणी सोडायचं. वरचे म्हणतात आमची पिकं, आमचे कारखाने. खालचे म्हणतात नदी काय तुमच्या एकट्याची? वर्षानुवर्षं कोर्टकज्जे. काका म्हणाले, "नदी एकच, पण ज्यानं आधी अडवली त्याला जास्त सोडावं लागणार. हेच ना?" सर म्हणाले, "हेच." मी फाइलीत 'समान' खोडून 'सामाईक' लिहिलं. सामाईक विहीर असते, तिच्यात प्रत्येकाचा हिस्सा वेगळा आणि पाळी वेगळी. समान विहीर मी कुठल्याच सात-बाऱ्यावर पाहिली नाही.

त्यानंतर हॉल सुटला. परभणीच्या एका बचत गटाच्या ताईंना बोलिव्हिया आला होता. त्या देशानं २०१० मध्ये पृथ्वीमातेच्या हक्कांचा कायदा केला, आणि पॅरिसच्या २०१५ च्या कराराच्या प्रस्तावनेत काही संस्कृती पृथ्वीला माता मानतात असा उल्लेख आला. ताई उठून म्हणाल्या, "आमच्याकडं काळी आई म्हणतेत की. पण आई म्हणायचं अन् सात-बारा बापाच्या नावावर." टाळ्या थांबेनात. सर म्हणाले, मुद्दा बोलिव्हियालाही लागू पडतो, तो देशही जमिनीतला गॅस विकूनच चालत होता. फिजीची होडी मात्र आमच्या हॉलमध्ये चालली नाही. २०१७ ला बॉनच्या परिषदेत फिजीनं प्रवेशद्वाराशी आपली पारंपरिक होडी ठेवली होती, आपण सगळे एका होडीतले म्हणून. आमच्यातल्या बहुतेकांनी होडी जवळून पाहिली ती सप्टेंबर २०२५ च्या पुरात, बचाव पथकाची. धाराशिवच्या एका तरुणानं तेवढंच सांगितलं, "आमच्या गल्लीत आली होती," आणि खाली बसला.

ओल्या दुष्काळाचा विषय अर्थातच निघाला. हे रूपक माझ्या मते मराठीतलं सगळ्यांत धाडसी आहे, दोन उलट शब्द एका दावणीला. त्या पुरात लोक 'ओला दुष्काळ जाहीर करा' म्हणत होते आणि उत्तर मिळत होतं की नियमावलीत अशी संज्ञाच नाही, सवलती देऊ. म्हणजे नाव नाही. जगाच्या परिषदेत छोट्या देशांचंही अनेक वर्षं हेच चाललं होतं: नुकसान झालंय, पण त्यासाठी खातंच नाही. ते खातं उघडायचं ठरलं २०२२ ला शर्म अल-शेखमध्ये आणि चालू झालं २०२३ ला दुबईत. त्यात पैसे किती आणि कोणाचे, यावर आमचा नांदेडचा गट चहा गार होईपर्यंत भांडला.

भारताविषयी दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण उदगीरच्या साहेबांनी तो जीव तोडून केला. त्यांनी सुरुवात केली १९७२ पासून. त्या जूनमध्ये स्टॉकहोमच्या पर्यावरण परिषदेत इंदिरा गांधींनी विचारलं होतं की दारिद्र्य आणि गरज हेच सर्वांत मोठे प्रदूषक नाहीत का. मला ते वर्ष ऐकून दुसरंच आठवलं. त्याच वर्षीच्या दुष्काळात माझी आई थोरल्या भावाला कडेवर घेऊन खडी फोडायला जात होती, घरात मिलो ज्वारी आणि सुकडी. म्हणजे तिकडे व्यासपीठावर 'गरीब' होता तो देश आणि इकडे खडीवर बसलेली ती माझी आई, हे पहिल्यांदा एकाच ओळीत आले. २०११ ला डर्बनच्या परिषदेत तेव्हाच्या पर्यावरणमंत्री जयंती नटराजन यांनी कोरा चेक लिहून देणार नाही असं ठणकावलं. इथं देश गरीब राहिला नव्हता, तो सही मागितली जाणारा खातेदार झाला होता.

आणि २०२१ ला ग्लासगोत भारतानं दिलेली पाच वचनं, नाव पंचामृत. कोळसा-तेल-गॅस न जाळता ५०० गिगावॉट वीजक्षमता, निम्मी ऊर्जा अक्षय स्रोतांतून, एक अब्ज टन उत्सर्जन कमी, अर्थव्यवस्थेची कार्बन-तीव्रता (म्हणजे दर रुपयाच्या उत्पन्नामागचं उत्सर्जन) ४५ टक्क्यांनी कमी, हे सगळं २०३० पर्यंत, आणि २०७० ला निव्वळ शून्य, म्हणजे जेवढं सोडायचं तेवढंच शोषून घ्यायचं. साहेबांनी पाच बोटं वर करून म्हटलं तेव्हा छान वाटलं, खोटं कशाला बोलू. पण शब्दाकडे बघा. पंचामृत हा प्रसाद. प्रसाद देणारा कर्ज फेडत नसतो आणि घेणारा चमचा मोजत नसतो. वसुली चुकवायचा याहून सुंदर मार्ग मला सुचत नाही. मी हे बोलून दाखवलं. तुवालूच्या नात्यानं, बरं का. म्हटलं, आमच्या घरी पंचामृत दोन प्रकारचं असतं. एक पूजेचं, दूध-दही-तूप-मध-साखर, पळीभर हातावर. दुसरं सणाच्या पानात डावीकडे वाढतात ते, मिरच्या, चिंच, गूळ, तीळ, दाण्याचा कूट. तुमचं कोणतं? २०२२ च्या ऑगस्टमध्ये भारताचा अधिकृत कागद संयुक्त राष्ट्रांकडे गेला तेव्हा या पाचांतली आकड्यांसकट उद्दिष्टं दोनच होती, ४५ टक्क्यांचं आणि निम्म्या वीजक्षमतेचं. बाकीचे जिन्नस कुठं गेले? साहेब म्हणाले, "मॅडम, तुमच्या देशात दाण्याचा कूट मिळतो का?" एकूण परिषद इथपर्यंत आली होती.

त्यांची बाजूही पडकी नव्हती. श्रीमंत देशांनी २००९ ला गरीब देशांना वर्षाला १०० अब्ज डॉलर कबूल केले, २०२० पर्यंत द्यायचे होते, आकडा गाठला २०२२ ला. २०२४ ला बाकूत २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज असं ठरलं, तेव्हा भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना यांनी त्या कागदाला दृष्टिभ्रम म्हटलं. साहेबांनी त्याचं 'मृगजळ' केलं. उन्हाळ्यात औसा रोडवर रोज दिसतं ते. अनुवाद असा करायचा असतो, फाइलवाल्यांनी लिहून घ्यावं.

माझी फजिती सांगते. पहिल्या दिवशी मी तुवालू म्हणून भाषण केलं. पदर खोचला, दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांमध्ये उभी राहिले आणि म्हणाले की आमच्या आजोबांची समाधी आता भरतीच्या रेषेत आहे. आवाज कापरा केला. स्नेहसंमेलनं बसवलेली आहेत मी, जमतं. दोघीतिघींनी डोळे पुसले. मग मसुद्याचे गट पडले. मी ज्या गटाकडे जाई तिथं "भाषण फार छान झालं मॅडम, बसा, चहा घ्या" एवढंच. छत्री गटात तर (अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया वगैरेंच्या गटाचं खरोखर हेच नाव आहे, फाइलीची चूक नाही) मला खुर्चीसुद्धा दिली. पेन कोणी दिलं नाही. रात्री मुक्कामाच्या खोलीत मला त्या टाळ्यांचा राग आला.

दुसऱ्या दिवशी चार पानांतलं तिसरं पान नीट वाचलं. तुवालू २००९ ला कोपनहेगनमध्ये रडत बसला नव्हता. कायद्यानं बांधणारा स्वतःचा प्रस्ताव मांडून त्यानं कामकाज थांबवलं होतं, आणि शेवटी त्यांच्या प्रतिनिधीनं म्हटलं होतं की आमची माणसं आणि आमचं भविष्य विकायला आम्हाला तीस चांदीची नाणी दाखवली जात आहेत. ती बायबलातली नाणी, ख्रिस्ताला पकडून देण्याची. लातुरात ती चालणार नाहीत म्हणून मी अंतिम मसुद्याच्या वेळी हात वर केला आणि म्हणाले, "आमच्याच लेकरांची सुपारी आम्हालाच देताय होय? तुवालूची हरकत आहे." सर्वसंमती मोडली. दीड वाजता जेवायचं होतं, सव्वातीन वाजले. भुकेल्या अमेरिकेनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ते मी विसरणार नाही. पण यावेळी सगळे माझ्या टेबलाशी आले.

दुपारी सर बेलेमच्या २०२५ च्या परिषदेकडे वळले. ब्राझीलनं तिथं 'मुतिराँव' हा आपला लोकशब्द पुढे केला. फाइल म्हणते 'सामूहिक प्रयत्न'. पैठणच्या काकांनी अर्थ विचारला, सर म्हणाले, गावानं मिळून एखाद्याचं काम उरकायचं. "अहो, मग इर्जिक म्हणा की! सरळ आहे ते सोडून कामून असं लिहायलेत?" आणि मग त्यांनीच पुढचं विचारलं. इर्जिकीला औतं घेऊन सगळे येतात, पण ज्याच्या शेतात काम असतं तो जेवू घालतो. तर या जगाच्या इर्जिकीत शेत कोणाचं आणि स्वयंपाक कोणाकडं? सरांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी घड्याळ पाहिलं.

इतर बाबी थोडक्यात. ध्वनिव्यवस्था वाईट, मागच्या दोन रांगांपर्यंत माइक पोचत नाही. पडद्यावरच्या पाट्या निम्म्या इंग्रजीत. प्रमाणपत्रावर अंबाजोगाईचं 'अंबेजोगाई' झालंय, ते चालतं, माझ्या आडनावाचं जे झालंय ते चालत नाही. पहिल्या दिवशी जेवायला पनीर आणि गार फुलके, लातुरात बसून! दुसऱ्या दिवशी येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, ठेचा. सव्वातीन वाजता कोणतीही आमटी चांगली लागते, पण ही खरंच चांगली होती. स्वच्छतागृह स्वच्छ, बायकांसाठी वेगळं, पाणी दोन्ही दिवस होतं. मुक्कामाचे ३०० रुपये वेगळे घेतले, हे आधी सांगायला हवं होतं.

फाइलीतल्या चुका मी लाल पेनानं काढून आयोजकांकडे दिल्या, अकरा निघाल्या. पुढच्या तुकडीपर्यंत दुरुस्त करू म्हणाले. देशांच्या चिठ्ठ्या निघताना डब्यात परत टाकायच्या असतात. उदगीरच्या साहेबांनी भारत परत केला नाही, म्हणाले खिशात राहून गेला. मी तुवालू टाकला. पुढची तुकडी उन्हाळी सुटीत आहे. विज्ञानाच्या मॅडमना सांगितलंय, यावेळी लग्न काढू नका.